दिव्याच्या उजेडापलीकडचे पिल्लू

गेल्या जूनमधील एका कडाक्याच्या थंडीच्या रात्री, ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या पश्चिम भागात, बर्क गावापासून दीड तासाच्या अंतरावरील एका मेंढीपालकाच्या रानात, मी एका कांगारू-शिकाऱ्याच्या यूटमध्ये, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत, त्याच्या शेजारी बसून होतो. मी मूळचा अकोल्याचा, शिक्षणाने आणि पोटापाण्याने कापसाचा माणूस. गेली अकरा वर्षे या राज्याच्या उत्तरेकडील कापसाच्या शेतांवर कीड-सल्लागार म्हणून काम करतो आहे. हा शिकारी माझ्या एका शेतकऱ्याचा मेहुणा. मांसासाठी आणि कातड्यासाठी होणाऱ्या कांगारूच्या शिकारीविरुद्ध मी त्या शेतकऱ्याच्या जेवणाच्या टेबलावर जरा जास्तच बोललो असेन, कारण या शिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि ‘एकदा येऊन बघ, मग बोल’ असे म्हटले. त्याचे म्हणणे रास्त होते, म्हणून गेलो.

सरकारी कागदांत आता या माणसाला शिकारी म्हणत नाहीत, ‘हार्वेस्टर’ म्हणतात. गव्हाच्या हंगामात पंजाबातून विदर्भात जी यंत्रे येतात त्यांना आमच्याकडे हाच शब्द आहे, त्यामुळे तो ऐकताना मला प्रत्येक वेळी ओंब्या कापल्या जात असल्याचा भास होतो. तो स्वतःला मात्र साधेपणाने ‘रू शूटर’ म्हणतो, ‘रू’ म्हणजे कांगारू.

काम कसे चालते ते आधी सांगतो, कारण त्याविषयी वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंच्या बहुतेकांनी ते पाहिलेले नसते. कांगारू उन्हाच्या वेळी झाडाझुडपांच्या सावलीत पडून राहतो आणि अंधार पडला की चरायला उघड्यावर येतो, म्हणून शिकार रात्रीची. यूटच्या टपावरचा प्रखर दिवा संथपणे फिरत असतो आणि गवतात कुठेतरी डोळे चमकतात. उजेड अंगावर पडला की कांगारू पळण्याऐवजी पुष्कळदा मागच्या पायांवर उभा राहतो आणि कान वळवून पाहत राहतो. तेवढाच वेळ असतो. तो गाडी थांबवतो, इंजिन बंद करतो, दारावरच्या टेकूवर पॉइंट २२३ ची रायफल ठेवतो आणि एक गोळी झाडतो. नेम डोक्यावरच, कारण या कामाच्या आचारसंहितेप्रमाणे गोळी मेंदूत गेली पाहिजे, आणि तो मेंदू मुठीत सहज मावेल एवढा असतो. कांगारू पडला की दुसऱ्याकडे दिवा वळवायचा नाही. आधी पडलेल्यापाशी चालत जायचे. तिथे त्याने जे केले ते मी त्या रात्री प्रत्येक वेळी पाहिले: गुडघ्यावर बसून त्याने बोटाच्या टोकाने कांगारूच्या उघड्या डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही, म्हणजे मेंदूचे काम थांबले आहे. त्यानंतरच सुरी निघाली. पुढे रक्त काढणे, मागच्या आकड्याला टांगणे, आतडी काढणे, क्रमांकाची प्लॅस्टिकची पट्टी अडकवणे, ही सगळी कामे तो सवयीने, न बोलता उरकत होता, पण डोळ्याला बोट लावताना मात्र दर वेळी क्षणभर थांबत होता.

या कामाची राष्ट्रीय आचारसंहिता आहे. पहिली १९८५ मध्ये आली, मग १९९० आणि २००८ मध्ये सुधारली गेली, आणि व्यापारी शिकारीसाठीची सध्याची संहिता २०२० ची आहे. तिच्या नावातील ‘ह्यूमेन’ या शब्दाने मला बरेच दिवस छळले. माणुसकीने मारणे असे म्हटले तर मराठीत ते उपरोधिक वाटते, दयेने मारणे म्हटले तर खोटे वाटते, आणि ‘यातनारहित’ हा शब्द फारच मोठे आश्वासन देतो. संहितेला अपेक्षित आहे ते एवढेच, की प्राण्याला काय झाले ते कळण्याआधी त्याची शुद्ध जावी आणि ती परत न येता मृत्यू यावा. कोणत्या काडतुसाखाली जायचे नाही, प्राणी स्थिर आणि स्पष्ट दिसत असल्याशिवाय चाप ओढायचा नाही, चालत्या गाडीतून गोळी झाडायची नाही, जखमी झालेल्याला आधी संपवल्याशिवाय पुढे जायचे नाही, हे सारे तिच्यात लिहिलेले आहे. व्यापारी शिकाऱ्याला परवान्याआधी नेमबाजीची परीक्षाही द्यावी लागते.

ही संहिता किती दुरून चालत आली आहे हे ध्यानात घेतले पाहिजे. या प्राण्याचे नाव युरोपीय भाषांत आले तेच जवळजवळ बंदुकीच्या आवाजाबरोबर. १७७० च्या जुलैमध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकचे जहाज आजच्या कुकटाउनजवळच्या नदीत दुरुस्तीसाठी अडकले असताना त्याच्या एका अधिकाऱ्याने एक कांगारू मारला, आणि तिथल्या गूगू यिमिधिर लोकांचा ‘गंगुरू’ हा शब्द वहीत उतरला. पुढे मेंढ्या आल्या. मेंढ्यांसाठी पाण्याची टाकी आली, डिंगो या रानकुत्र्याला मारणे आणि कुंपणाबाहेर ठेवणे आले, आणि गवत, पाणी मिळून वर शत्रूही कमी झाल्यामुळे मोठ्या जातींचे कांगारू वाढले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. क्वीन्सलंडने १८७७ मध्ये या प्राण्यांच्या संहाराचा कायदाच केला आणि मारलेल्या प्राण्यामागे बक्षीस ठेवले. त्या काळी घोडेस्वार कळपच्या कळप हाकून कुंपणाच्या कोंडवाड्यात आणत आणि आत सोट्यांनी मारत. डोळ्याला बोट लावून खात्री करणाऱ्या माणसापर्यंत यायला या देशाला शंभरांहून अधिक वर्षे लागली, आणि ही प्रगती नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

मी घरात मटण खाणारा माणूस आहे, हेही सांगितले पाहिजे. बाजाराच्या दिवशी टेम्पोत कोंबलेल्या, एकमेकांच्या अंगावर उभ्या असलेल्या बकऱ्या मी लहानपणापासून पाहिल्या आहेत, आणि इथे तीन मजली ट्रकमधून शेकडो किलोमीटर जाणाऱ्या मेंढ्याही पाहतो. कांगारूला कुणी गाडीत चढवत नाही, रक्ताचा वास येणाऱ्या दारापाशी रांगेत उभे करत नाही. तो आपल्या गवतात, आपल्या कळपात, तोंडात घास असताना मरतो. नेम बरोबर बसला तर माझ्या ताटातील इतर कोणत्याही मांसापेक्षा हा मृत्यू सोपा आहे. त्या रात्री सत्तावीस कांगारू पडले, त्यांपैकी पंचवीस एका गोळीत.

नेम चुकतो तेव्हा काय होते, याचा हिशेब ठेवणे अवघड आहे. प्राणिकल्याणासाठी काम करणाऱ्या आरएसपीसीए ऑस्ट्रेलिया या संस्थेने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, शीतगृहांत आणि कारखान्यांत आलेल्या कांगारूंपैकी ९५.९ टक्के डोक्यात गोळी लागलेले आढळले. १९८५ च्या पाहणीत हेच प्रमाण सुमारे ८५ टक्के होते. सुधारणा मोठी आहे, आणि उद्योगाची माणसे हा आकडा अभिमानाने सांगतात. पण तो आकडा कुठे मोजला गेला आहे ते पाहावे. शीतगृहात पोचतो तो कांगारू मेलेला आणि शिकाऱ्याच्या हाती लागलेला असतो. ज्याच्या जबड्यात गोळी लागली आणि जो उड्या मारत अंधारात निघून गेला, ज्याला पुढे गवत चावता येणार नाही आणि जो आठवडाभराने कुठल्यातरी झुडपाखाली पडेल, तो त्या शंभरात नाहीच. शिवाय, धडावर गोळीची खूण असलेले मांस कारखाना घेत नाही, म्हणून पोटात गोळी लागलेला कांगारू रानातच टाकून देण्यात शिकाऱ्याचा काही तोटा नसतो, कारण त्याचे पैसे मिळणारच नसतात. माझ्या शिकाऱ्याने त्या रात्री दोनदा दुसरी गोळी वापरली. एकाच्या मागे तर तो पायी सुमारे दोनशे मीटर काटेरी झुडपांतून गेला. मी गाडीत बसलेला नसतो तरी तो गेला असता का, हे मला विचारवले नाही.

आता पिल्लाकडे येतो. सगळा प्रश्न खरे तर तिथे आहे, आणि तो समजण्यासाठी कांगारू मादीचे शरीर थोडे समजून घ्यावे लागते. लाल कांगारूचे पिल्लू गर्भात महिनाभरच राहते. जन्मते तेव्हा ते वालाच्या दाण्याएवढे असते, एक ग्रॅमही भरत नाही, आणि आईच्या केसांना धरून चढत पिशवीत जाऊन एका स्तनाला चिकटते. सुमारे आठ महिन्यांनी ते पिशवीतून कायमचे बाहेर पडते, पण दूध सोडत नाही. वर्षाचे होईपर्यंत ते आईजवळच राहते आणि डोके पिशवीत घालून आपल्या ठरलेल्या स्तनातून पिते. दरम्यान पिशवीत पुढचे पिल्लू आलेले असते आणि ते दुसऱ्या स्तनातून पिते. एकाच आईच्या दोन स्तनांतून दोन वयांची, दोन प्रकारची दुधे एकाच वेळी येतात. शिवाय गर्भात तिसरा जीव वाढ थांबवून आपल्या पाळीची वाट पाहत असू शकतो. पूर्वेकडील करड्या कांगारूचे पिल्लू याहूनही जास्त, दीड वर्षापर्यंत, दुधावर असते. तेव्हा प्रौढ मादी मारली की एक जीव गेला, असा हिशेब बहुधा चुकतो.

पिशवीतील पिल्लाचे काय करायचे ते संहिता सांगते. अगदी लहान, केस न आलेल्या पिल्लाचे डोके धारदार पात्याने वेगळे करायचे, आणि केस आलेल्याच्या डोक्यावर मेंदू निकामी होईल असा एकच जोरदार आघात करायचा. हे लिहिताना माझी बोटे अडखळतात, पण वाचकाला हे न सांगता ‘संहिता आहे’ एवढेच सांगणे मला लबाडीचे वाटते. आईविना ते पिल्लू थंडीने आणि भुकेने मरणार, म्हणून हा आघात त्याच्यावर उपकार आहे असा युक्तिवाद केला जातो, आणि तो खराही आहे. फक्त त्याच्या आईला कुणी मारले हा प्रश्न त्या युक्तिवादात राहून जातो. पिशवीबाहेर पडलेल्या पिल्लाला मात्र शोधून गोळी घालायची आहे, आणि ते सापडेल तरच घालता येते.

त्या रात्री साधारण दोनच्या सुमारास त्याने एक मध्यम आकाराचा कांगारू पाडला. तो विकतो त्या कारखान्याचा नियम फक्त नर घेण्याचा आहे, आणि मोठा नर छाती-दंडांवरून दुरूनही ओळखू येतो. परंतु मध्यम आकाराचा नर आणि पूर्ण वाढलेली मादी दिव्याच्या उजेडात, समोरून, ऐंशी मीटरवरून सारखीच दिसू शकतात. जवळ गेल्यावर त्याने हलक्या आवाजात शिवी हासडली. मादी होती. पिशवी रिकामी होती, म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला. तो मात्र सुटला नव्हता. त्याने पिशवी दोन बोटांनी उघडून मला दाखवली. आत चारपैकी तीन स्तनाग्रे बारीक मण्यासारखी होती आणि चौथे करंगळीएवढे लांब, लोंबते आणि ओले होते. पिल्लू बाहेर होते, जवळपास कुठेतरी, आणि थोड्याच वेळापूर्वी प्यायले होते.

त्याने दिवा फिरवला, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. दोन जोड्या डोळे चमकले, ते दोन्ही मोठे कांगारू निघाले. मग त्याने दिवा बंद केला आणि आम्ही अंधारात बसलो, पिल्लू आईपाशी परत येते का ते पाहत. पुन्हा दिवा लावला. गवत, दंव, पांढरट माती. काही नाही. मादी विकता येणार नव्हती, ती तिथेच राहिली. आम्ही पुढे निघालो.

फक्त नर मारण्याचे हे धोरण गेल्या दशकात उद्योगातील मोठ्या भागाने स्वतःहून स्वीकारले, आणि पिल्लांच्या बाबतीत कागदावरच्या कोणत्याही ओळीपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला असावा असे मला वाटते. त्यामागे दयेपेक्षा गिऱ्हाइकाचा दबाव अधिक होता याबद्दल मला फारशी शंका नाही, पण पिल्लाला त्याने काय फरक पडतो? माझी तक्रार अशी आहे की हा कायदा नाही. राज्य सरकारे हवाई पाहणी करून संख्येचा अंदाज बांधतात आणि त्याच्या साधारण पंधरा ते वीस टक्के एवढा वार्षिक कोटा ठरवतात, त्या कोट्यात माद्या मारायला मनाई नाही. बाजार फिरला तर कारखाना आपला नियम उद्या मागे घेऊ शकतो. जी गोष्ट एका पत्रकाने आली ती एका पत्रकाने जाऊही शकते.

आणि बाजार तर फिरतोच आहे. कांगारूचे कातडे पातळ, हलके आणि तरीही चिवट असल्यामुळे फुटबॉलच्या बुटांसाठी त्याला तोड नव्हती. पण फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमने २००६ मध्येच कांगारूच्या कातड्याचे बूट घालणे सोडले होते, कॅलिफोर्नियाने २०१६ पासून अशा वस्तूंची विक्री पुन्हा बंद केली, आणि २०२३ मध्ये पूमा आणि नायकी या दोघांनीही हे कातडे सोडत असल्याचे जाहीर केले. मेलबर्नमधील माझ्या मराठी मित्रमंडळींत या बातमीचे मोठे स्वागत झाले. मला ते पूर्णपणे करता आले नाही, आणि त्याचे कारण सांगतो.

व्यापारी शिकार थांबली म्हणून कांगारू मारणे थांबत नाही. शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीवर कांगारू मारण्याचा वेगळा परवाना मिळतो, आणि न्यू साउथ वेल्समध्ये त्याचे नावच ‘हानी करण्याचा परवाना’ असे आहे. इतके प्रामाणिक नाव मी दुसऱ्या कोणत्याही सरकारी कागदावर वाचलेले नाही. २०१८ च्या दुष्काळात या राज्याने हा परवाना मिळवणे अधिक सोपे केले. अशा शिकारीसाठीही स्वतंत्र संहिता आहे, तीही डोक्यावर नेम धरायला सांगते. पण इथे मांस कारखान्यात जात नाही, त्यामुळे गोळी कुठे लागली हे पाहणारा कुणी निरीक्षक नाही, आणि नर-मादी असा भेद नाही. शनिवारी रात्री शहरातून आलेले दोन मित्र, एक दिवा आणि एक रायफल, एवढ्यावरही काम होते. आज ज्या थोड्याफार जागी या शिकारीवर नजर आहे ती नजर बाजारामुळे आहे, आणि बुटांवर बहिष्कार टाकून आपण ती नजरच काढून घेत असू, अशी मला भीती वाटते. उद्योगाचे समर्थक हाच मुद्दा मांडतात आणि त्यात त्यांचा स्वार्थ आहे, हे मला कळते. तरी मुद्दा खोटा ठरत नाही. मला पटणारी मागणी अशी आहे की संहितेची तपासणी रानात, रात्री, चाप ओढला जातो तिथे व्हावी, आणि ती दोन्ही प्रकारच्या शिकारीला सारखीच लागू असावी. तिला खर्च येईल, हे खरे.

आदिवासी लोक करतात ती शिकार हा वेगळा विषय आहे आणि तो मी या वादात ओढणार नाही. मध्य ऑस्ट्रेलियातील अनंगू लोक ज्याला ‘मालू’ म्हणतात त्या लाल कांगारूची शिकार, त्याला भाजणे, कापणे आणि वाटणे यांचे त्यांचे नियम कोणत्याही राष्ट्रीय संहितेपेक्षा फार जुने आहेत. त्यांच्यावर मत देण्याचा अधिकार मला नाही.

हे सगळे मी फोनवर बाबांना सांगत होतो. आमच्या बार्शीटाकळीकडच्या शेतात रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरे हरभरा, तूर ठेवत नाहीत, आणि बाबा रात्री जागलीला जाऊन आता थकले आहेत. वनखात्याकडे अर्ज केला तर मारण्याची परवानगी मिळू शकते, पण ती मिळेपर्यंत पीक उभे राहत नाही, म्हणून आमच्या भागात काही जण कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतात. त्या तारेला रोही आणि वाघ यांच्यातला फरक कळत नाही, आणि रात्री पाणी द्यायला निघालेल्या माणसाचाही कळत नाही. २०१६ मध्ये चंद्रपुरात रानडुकरे मारली गेली तेव्हा दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांमध्ये जाहीर खडाजंगी झाली होती. मारावे की मारू नये यावर दोघेही बोलले, पण कसे मारावे, कुणी पाहावे, यावर आमच्याकडे अजून नीट चर्चाच सुरू झालेली नाही. म्हणून मी बाबांना ऑस्ट्रेलियाची संहिता, नेमबाजीची परीक्षा, डोळ्याला लावलेले बोट, सारे काही जरा कौतुकानेच सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“मंग पिल्लाचं काय करते थे?” त्यांनी विचारले.

मी संहितेतले वाक्य मराठीत सांगितले. पलीकडे बराच वेळ नुसती टीव्हीची बातमी ऐकू येत होती.

त्या रात्रीच्या शेवटी, पहाटे साडेपाचला, शीतगृहाच्या दाराशी यूट उभी करून तो नोंदी भरत होता. जात, लिंग, वजन, पट्टीचा क्रमांक. विकता न येणाऱ्या त्या मादीला पट्टी नव्हती आणि ओळही नव्हती. पिल्लू सापडले नाही तर तो साधारण किती वेळ शोधतो, असे मी त्याला विचारले. पेन न थांबवता त्याने सांगितले, की दहा मिनिटे. किलोमागे जे मिळते त्यात त्याहून जास्त थांबलो तर डिझेलसुद्धा सुटत नाही. मग त्याने मान वर करून मला विचारले, की काल रात्री आपण किती वेळ थांबलो होतो, तू घड्याळ पाहिले होतेस का?

मी पाहिले होते. सात मिनिटे झाली होती.